जमा, गोळा, एकत्र : इंग्रजीत नेमकं कुठलं क्रियापद?

शब्दवेल्हाळ

‘सर्वांनी अर्ज जमा करून सभागृहात जमा व्हावे.’ ही सूचना मराठीत कुणाला खटकत नाही. पहिलं जमा म्हणजे देऊन टाकणं, दुसरं म्हणजे येऊन थांबणं. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र दोन वेगळी क्रियापदं लागतात : अर्ज ‘सबमिट’ करायचे आणि माणसांनी ‘असेम्बल’ व्हायचं. तिथे ‘कलेक्ट युवर फॉर्म्स’ लिहिलंत तर अर्थ उलटा होतो. लोक अर्ज द्यायला नाही, घ्यायला रांग लावतील. पैशांचंही तेच. खात्यात जमा करणं हे डिपॉझिट, वर्गणी जमा करणं हे कलेक्ट. मराठीत देणाराही जमा करतो आणि घेणाराही जमाच करतो.

हा धागा त्यासाठीच. गॅदर, कलेक्ट, असेम्बल, काँग्रिगेट, कन्व्हीन, मस्टर, अक्युम्युलेट, अमॅस, पूल, कंपाइल… शब्दकोश उघडावा तर सगळ्यांपुढे ‘गोळा करणे, एकत्र करणे’ एवढंच. रॉजेटच्या थिसॉरसने, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाने, १८५२ साली असे शब्द एका छताखाली आणून बसवले, पण शेजाऱ्याशेजाऱ्यांत फरक काय ते आपलं आपणच बघायचं.

मला वाटतं, शब्दाचा अर्थ पाठ करण्यापेक्षा एकच गोष्ट बघावी : हे जमणं कुणाच्या जोरावर झालं? आपसूक, कुणी बोलावलं म्हणून, कुणी हाकलत आणलं म्हणून, की कुणी निवडून निवडून उचललं म्हणून? त्यावरून निम्मी क्रियापदं आपोआप गळतात.

सुरुवात गॅदर आणि कलेक्टपासून, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच जोडीत होतो. विखुरलेलं जवळ आणलं की गॅदर. टेबलावर पसरलेले कागद, वाऱ्याने उडालेले कपडे, रानातली वाळकी लाकडं. कलेक्टमध्ये निवड असते, पद्धत असते किंवा हक्क असतो. भाडं, कर, तिकिटं, सह्या या सगळ्या कलेक्टच्या गोष्टी, कारण तिथे कुणाकडून काय यायचं ते आधीच ठरलेलं असतं. आदिमानव ‘हंटर-गॅदरर’ होता, ‘हंटर-कलेक्टर’ नव्हता; त्याने कंदमुळांची यादी करून कुठली राहिली ते तपासलं नसणार. उलट पोस्टाची तिकिटं जमवणारा कलेक्टरच. त्याला ‘स्टॅम्प गॅदरर’ म्हटलं तर डोळ्यांपुढे जमिनीवर सांडलेली तिकिटं उचलणारा माणूस येतो.

यातून एक गंमत दिसते. ‘डेटा कलेक्शन’ म्हणतात पण ‘न्यूज गॅदरिंग’ आणि ‘इंटेलिजन्स गॅदरिंग’ म्हणतात. डेटा घ्यायला जाताना रकाने आखलेले असतात. बातमी किंवा हेरांची खबर कुठे सापडेल, काय सापडेल, सापडेल की नाही, काहीच ठाऊक नसतं.

बाकी जोड्या थोडक्यात. वेग फक्त गॅदर होतो, कलेक्ट कधीच नाही. धूळ दोन्ही. विचारही दोन्ही, पण माणूस स्वतःला ‘कलेक्ट’ करतो तेव्हा तो आधी कोसळलेला किंवा गडबडलेला असतो आणि आता सावरतोय असा अर्थ. ‘कूल, काम अँड कलेक्टेड’ मधला कलेक्टेड तोच. ब्रिटिश लोक शाळेतून मुलांना कलेक्ट करतात, अमेरिकन पिक अप करतात. आणि अमेरिकेतला ‘कलेक्ट कॉल’ म्हणजे ज्याला फोन येतो त्यानेच पैसे भरायचे.

तुमच्याकडे अडलेली वाक्यं असतील तर टाका.

मौनी

वाचनखूण साठवली. एक शंका : ‘आय गॅदर यू आर लीव्हिंग’ यात कोण काय गोळा करतंय?

शब्दवेल्हाळ

@मौनी, इकडून तिकडून पडलेले दुवे गोळा करतंय. कुणी थेट सांगितलेलं नाही, पण चार गोष्टी कानावर आल्या आणि त्यावरून समजलं, असा भाव. आपण ‘तुम्ही निघताय असं कळलं’ म्हणतो तसंच. सभ्य आहे, कारण ‘कुणी सांगितलं’ हे झाकलं जातं आणि समोरच्याला ‘छे, कुठे काय’ म्हणायला जागाही राहते. ‘आय नो यू आर लीव्हिंग’ हे अंगावर येतं. ऑफिसच्या मेलमध्ये हे गॅदर फार कामाचं आहे.

रात्रपाळी

भाषांतर करते, त्यामुळे हा विषय रोजचाच. माझा अनुभव असा की पाट्या वाचल्या तर असेम्बल आणि काँग्रिगेट यांतला फरक कोशापेक्षा लवकर कळतो.

मोठ्या इमारतींबाहेर हिरवी पाटी असते बघा : चार कोपऱ्यांतून आत वळलेले चार पांढरे बाण आणि मध्ये माणसांचा पुंजका. आग लागली तर इथे येऊन थांबा. आयएसओ ७०१० या मानकात तिचा क्रमांक ई००७ आहे आणि खाली शब्द असतात ‘असेम्ब्ली पॉइंट’. म्हणजे असेम्बल हे करायला सांगण्याचं क्रियापद. कुणीतरी ठरवलेली जागा, ठरवलेलं कारण, आणि माणसं आल्यावर मोजली जाणार.

आता त्याच इमारतीच्या आत, जिन्यापाशी : ‘डू नॉट काँग्रिगेट इन द कॉरिडॉर’. तिथे असेम्बल कुणी लिहीत नाही. काँग्रिगेटमध्ये माणसं आपसूक येऊन रेंगाळतात, कुणी बोलावलेलं नसतं, आणि पाटी लिहिणाऱ्याला ते नको असतं. अर्थात शब्दाला मुळात काही वाईट वास नाही, चर्चमधल्या भाविकांच्या समुदायालाही काँग्रिगेशनच म्हणतात. पण रोजच्या इंग्रजीत पोरं कोपऱ्यावर आणि कबुतरं वळचणीला ‘काँग्रिगेट’ होतात, ते बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच.

सभेचा हक्कही असेम्बलचाच. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत ‘पीसेब्ली टु असेम्बल’ असे शब्द आहेत. तिथे काँग्रिगेट किंवा गॅदर घालून वाचा, हक्काचं वजनच जातं.

निवृत्त मास्तर

रात्रपाळीताई, उत्तम. काँग्रिगेटच्या पोटात लॅटिन ‘ग्रेक्स’ आहे, म्हणजे कळप. त्याच कळपातून आलेले बाकीचे बघा : सेग्रिगेट म्हणजे कळपातून वेगळं काढणं, अ‍ॅग्रिगेट म्हणजे कळपात भर घालणं, ग्रिगेरियस म्हणजे कळपात रमणारा, आणि इग्रीजस म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. पूर्वी तो चांगल्या अर्थाने उठून दिसायचा, आता फक्त घोडचुकाच इग्रीजस होतात.

कन्व्हीनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र येणे’ एवढाच, पण आज ते अधिकाराचं क्रियापद आहे. समिती कन्व्हीन होते, न्यायालय कन्व्हीन होतं. मित्र कन्व्हीन होत नाहीत. ‘वी कन्व्हीन्ड अ‍ॅट माय प्लेस’ असं कुणी लिहिलं तर तो विनोद तरी करतोय किंवा त्याला घरातही अध्यक्षपद हवंय. साध्या कामाला ‘कॉल अ मीटिंग’ पुरे. मित्रांसाठी ‘गेट टुगेदर’ किंवा ‘मीट अप’.

आणि मस्टर! हा शब्द आपण रोज वापरतो आणि तो क्रियापद आहे हे विसरतो. मस्टरवर सही करतो ना, ते हेच. मूळ लॅटिन ‘मॉन्स्ट्रारे’ म्हणजे दाखवणे. सैनिकांना एका जागी आणून दाखवायचं, मोजायचं, कुणी पळाला तर कळलं पाहिजे. निदर्शनाला डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात तेही याच्याच नात्यातलं. त्यामुळे ‘मस्टर करेज’ म्हणजे धैर्य नुसतं गोळा करणं नाही. आत जे काही थोडंफार आहे ते हजेरीला उभं करणं. ‘पास मस्टर’ म्हणजे त्या तपासणीत पास होणं. ऑस्ट्रेलियात अजून गुरंसुद्धा मस्टर करतात.

मौनी

मस्टर आणि मॉन्स्टर भाऊ भाऊ? साहेबांना सांगतो उद्या.

निवृत्त मास्तर

सांगा, पण सही करून मग सांगा. (हो, नातं आहे.)

उंटावरचा शहाणा

धागा चांगला, पण सुरुवातीचा सूर मला पटला नाही. ‘मराठीत सगळं जमाच’ हे जरा अति झालं. ‘जमा’ मुळात अरबी, जमाव आणि जमात त्याच घरातले, शुक्रवारच्या सामूहिक नमाजाचा ‘जुमा’ही तिथलाच. हा पाहुणा सरकारी कागदावर आणि हिशेबाच्या वहीत बसला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं, ते आपल्या आळसामुळे. मूळ घरची माणसं कुठे गेलेली नाहीत.

पाणी साचतं. रक्त साकळतं. ढग दाटतात. लोक लोटतात. पैसा साठतो. शक्ती एकवटते. फुलं वेचतात. सरपणाची मोळी बांधतात. यांतलं एक काढून दुसरं घालून बघा, ‘रक्त साचलं’ आणि ‘रक्त साकळलं’ यांत डॉक्टरला विचारा फरक पडतो का ते. इंग्रजी अक्युम्युलेटला ‘साचणे’ इतका चपखल शब्द असताना लोक ‘संचयित होणे’ लिहितात तेव्हा मला त्रास होतो.

हडलसाठी ‘कोंडाळं करणे’ आहे. थ्राँगसाठी ‘लोटणे’ आहे. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढून एखाद्याला भेट द्यायची, ज्याला ब्रिटिश ‘क्लब टुगेदर’ किंवा ‘व्हिप-राउंड’ म्हणतात, त्याला ‘वर्गणी काढणे’ आहे. ‘स्क्रेप टुगेदर’ला ‘काडी काडी जमवणे’. नुसत्या घाईघाईच्या तयारीला ‘जमवाजमव’, आणि नीट विचार करून केलेलीला ‘जुळवाजुळव’. या दोघांत तर अख्खा स्वभावाचा फरक आहे. आणि एकमेकांची तोंडं न बघणारे पक्ष निवडणुकीपुरते बांधायचे असतील तर ‘मोट बांधणे’. इंग्रजी ‘कॉबल टुगेदर’ त्याच्या आसपास जातं, पण मोटेतली सुटण्याची भीती त्यात नाही.

आणि सगळ्यात आवडता : ग्लीन. शेत कापून नेल्यावर खाली राहिलेली कणसं वेचायची, त्याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ चं प्रसिद्ध चित्र आहे, वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचं, इंग्रजीत त्याला ‘द ग्लीनर्स’ म्हणतात. आता इंग्रजीत ग्लीन होते ती मुख्यतः माहिती. इथून एक कण, तिथून एक कण, दुसऱ्याने महत्त्वाचं नेल्यावर उरलेलं. ‘अहवालातून माहितीचा सरवा वेचला’ असं कुणी लिहिलं तर मी त्याचं लेखन शोधून वाचेन.

शब्दवेल्हाळ

@उंटावरचा शहाणा, प्रतिसाद उचलून वरच चिकटवावा असा आहे. मुद्दा मान्य, पण थोडा वेगळा मांडतो. मराठीत शब्द आहेतच, पण आपल्याकडे क्रियापद बरेचदा *काय* जमतंय त्यावरून ठरतं : पाणी साचतं, रक्त साकळतं, ढग दाटतात. इंग्रजीत ते *कसं* जमलं यावरून जास्त ठरतं. पाणी, धूळ, कर्ज, पुरावे, बर्फ, हे सगळं अक्युम्युलेट होतं, अट एकच : हळूहळू, थरावर थर, आणि बहुतेक वेळा कुणी मुद्दाम न करता. म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहिताना ‘काय’कडे बघून शब्द शोधतो आणि अडकतो.

कोडवाला

‘कसं’ आणि ‘काय’ वरून आठवलं. समांतर गणनेत, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून करताना, वापरायचं एमपीआय नावाचं मानक आहे, १९९४ पासूनचं. त्यात गॅदर आणि रिड्यूस अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत. समजा चार प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकाकडे एकेक आकडा आहे : ३, ५, २, ७. गॅदर केलं तर मुख्य प्रोसेसरकडे ३, ५, २, ७ असे चार आकडे क्रमाने येतात. रिड्यूस करताना बेरीज सांगितली तर १७ येतो. तुमच्या सगळ्या धाग्यातला एक मोठा फरक एवढ्यात आहे : गॅदरमध्ये प्रत्येकाची ओळख शाबूत राहते. कंबाइन, मर्ज, कन्सॉलिडेट यांत ती जाते.

म्हणूनच दोन कंपन्या गॅदर होत नाहीत, मर्ज होतात. पाच छोटी कर्जं मिटवून एकच मोठं घेतलं तर ते कन्सॉलिडेट. गॅदर केलेली माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, मर्ज झालेल्या खात्यातली माणसं कुठे जायचं ते एचआरला विचारतात.

पूल मधोमध आहे. चौघांनी पैसे पूल केले की नंतर कुठली नोट कुणाची ते सांगता येत नाही, पण वाटा किती ते सांगता येतं.

रात्रपाळी

@कोडवाला, ‘ओळख शाबूत राहते का’ हा प्रश्न मी आता कायम विचारणार.

मौनी

तुमच्याकडे कंपाइल आणि असेम्बल दोन्ही आहेत की. आणि गार्बेज कलेक्शन. आमच्या सोसायटीचंही तेच.

कोडवाला

गार्बेज कलेक्शन हे नाव संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कामातून, १९५९ च्या सुमारास आलं. प्रोग्रॅमला आता लागत नाही अशी मेमरी शोधून परत ताब्यात घ्यायची. कलेक्ट इथे एकदम बरोबर आहे, कारण नियम ठरलेला आहे, जिथे कुणाचा हात पोचत नाही तेवढंच उचलायचं.

कंपाइलचं जास्त मजेदार. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ए-झीरो नावाची प्रणाली केली, ती संग्रहातली तयार उपकार्यं (प्रोग्रॅमचे छोटे तुकडे) क्रमांकावरून शोधून एकामागोमाग लावून द्यायची. म्हणजे खरोखरच संकलन. आज कंपायलर म्हटलं की आपल्याला प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर आठवतं, पण नाव पडलं ते संकलनावरून. बाहेरच्या जगात यादी, अहवाल, कोश कंपाइल करतात : सामग्री इतरांची, रचना आपली.

निवृत्त मास्तर

आणि लॅटिन ‘कॉम्पिलारे’चा अर्थ लुटणे. इतरांची सामग्री, आपली रचना. अधिक काही बोलत नाही.

जुजबंद

पुष्कळ वर्षं छापखान्यात बाइंडिंग केलं आहे, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे मोठा कागद छापून घड्या घातल्या की त्याचा जुज होतो, सोळा पानी वगैरे. सगळे जुज ओळीने लावून एका पुस्तकाचा गठ्ठा करायचा, या कामाला इंग्रजीत गॅदरिंग म्हणतात. काही जण त्या जुजालाही गॅदरिंगच म्हणतात. मग ओळ चुकली का ते तपासायचं, ते कोलेट. प्रत्येक जुजाच्या पाठीवर छोटी काळी खूण छापलेली असते, दर जुजाला थोडी खाली सरकवलेली. गठ्ठा उभा धरला की पाठीवर खुणांचा जिना दिसायला हवा. एक पायरी चुकली म्हणजे जुज उलटसुलट लागला. पान न उघडता कळतं.

घरच्या प्रिंटरवर ‘कोलेटेड’ असा चौकोन असतो, तो बरेच लोक कधी बघत नाहीत. तीन पानांच्या दोन प्रती काढायच्या. चौकोनात खूण असेल तर १, २, ३ आणि परत १, २, ३ येतं. नसेल तर १, १, २, २, ३, ३ येतं आणि मग जमिनीवर बसून लावत बसा. कलेक्ट आणि कोलेट यांत घोळ करू नका. कोलेटमध्ये क्रम महत्त्वाचा, नुसतं एकत्र आणून भागत नाही.

रात्रपाळी

काका, क्या बात! ऑफिसात लोक ‘प्लीज कोलेट द फीडबॅक’ लिहितात तेव्हा त्यांना नुसतं ‘गोळा करा’ म्हणायचं नसतं, सगळ्यांचं शेजारी शेजारी लावून ताडून बघा असं म्हणायचं असतं. आणि समोरचा सगळे मेल एका फोल्डरमध्ये टाकून मोकळा होतो.

धावदोरा

आमच्या शिवणातलं गॅदर राहिलं. लांब लांब टाक्यांचा धावदोरा घालायचा, एक टोक गाठ मारून पक्कं करायचं आणि दुसऱ्या टोकाने दोरा ओढायचा. कापड सरकत सरकत गोळा होतं आणि चुण्या पडतात, त्यांना गॅदर्स. प्लीट वेगळी. प्लीटमध्ये घडी मोजून, खूण करून, इस्त्री मारून बसवतात. म्हणजे वर म्हटलेलं इथेही लागू आहे, गॅदर सैल, आपसूक. मोजून मापून केलं की शब्द बदलतो.

टिपकागद

माझा अडलेला प्रश्न. एका नेत्याच्या संपत्तीवर लेख लिहितोय (इंग्रजीत). कलेक्टेड वेल्थ, गॅदर्ड वेल्थ, अक्युम्युलेटेड वेल्थ, अमॅस्ड वेल्थ. कुठलं?

शब्दवेल्हाळ

पहिली दोन खोडा. संपत्ती कलेक्ट केली म्हटलं की तो घरोघर पावत्या फाडत फिरला असं वाटतं. अक्युम्युलेट म्हणजे वर्षानुवर्षं साठत गेली, आरोप नाही. अमॅसमध्ये आकार आहे : प्रचंड, आणि जमवणाऱ्याने मुद्दाम जमवलेली. शब्दकोशात त्यावर डाग नाही, पण बातम्यांत तो ‘फॉर्च्युन’च्या शेजारी इतका बसलाय की वाचकाची भुवई वर जातेच. आपल्या ‘माया जमवली’ इतका उघड मात्र नाही. माया म्हटलं की खटला संपला.

उंटावरचा शहाणा

होर्ड विसरलात. लपवून साठवणं, वापरायचं नाही आणि दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही. साठेबाजी. सरकारं मात्र होर्ड करत नाहीत, त्यांचं असतं ‘स्टॉकपाइल’. एकच कृत्य, करणारा बदलला की क्रियापद सुधारतं.

अवांतर : रस्त्यावरच्या जाहिरातीच्या होर्डिंगचा या होर्डशी संबंध नाही, ते जुन्या फ्रेंचमधल्या कुंपणाच्या शब्दावरून आलं. आणि टोळी या अर्थाचं ‘होर्ड’ उच्चाराला तेच असलं तरी तिसरंच, तुर्की ‘ओर्दू’ म्हणजे छावणी. आपला ‘उर्दू’ शब्द त्याचाच नातेवाईक.

टिपकागद

अमॅस घेतो. धन्यवाद मंडळी.

नवखी

मी इंग्रजी शिकतेय, इतकं सगळं लक्षात राहणार नाही. माणसांसाठी सोपं काही सांगाल का? फ्लॉक, हडल, क्लस्टर, रॅली वगैरे?

रात्रपाळी

@नवखी, चित्रं लक्षात ठेव, व्याख्या नको.

फ्लॉक : काहीतरी आकर्षण आहे आणि लोक उत्साहाने तिकडे निघालेत. याला पुढे ‘टु’ लागतं, फ्लॉक टु समथिंग. हडल : डोकी जवळ, पाठी बाहेर. थंडीमुळे किंवा गुपितामुळे. मैदानावर खेळाडू खांद्यावर हात टाकून गोल करतात तो हडल. अमेरिकन फुटबॉलमधल्या हडलचं श्रेय बहुधा वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या संस्थेतल्या संघाला देतात, १८९० च्या दशकातलं. हातांच्या खुणांनी चाललेली चर्चा समोरच्या संघाला दिसू नये म्हणून गोल करायचा. क्लस्टर : कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही, नुसते जवळ जवळ आहेत. घरं, तारे, फुलं आणि कार्यक्रमात कोपऱ्यात उभी असलेली लाजरी माणसं.

रॅली जरा वेगळं. मराठीत रॅली म्हणजे मोर्चा, मिरवणूक. इंग्रजी क्रियापदात आधी पांगापांग झालेली असते. विखुरलेलं सैन्य पुन्हा उभं राहिलं, खचलेला संघ सावरला, आजाऱ्याने उचल खाल्ली, पडलेला शेअर बाजार वर आला, सगळे ‘रॅलीड’. कुणाच्या पाठीशी उभे राहिले तर ‘रॅलीड बिहाइंड’ किंवा ‘रॅलीड राउंड’.

निवृत्त मास्तर

नवखीताईंनी सुरुवातीला गॅदरवर राहावं. माणसांसाठी गॅदर कुठेही चालतं, चूक ठरत नाही. सभा, लग्न, अपघात, शोकसभा, सगळीकडे लोक गॅदर होतात. फक्त एक : ‘पीपल गॅदर्ड’ पुरेसं आहे, ‘पीपल वेअर गॅदर्ड’ म्हटलं तर कधी कधी कुणीतरी त्यांना आणून बसवलं असं वाटतं. कलेक्ट मात्र माणसांसाठी जपून. ‘अ क्राउड कलेक्टेड’ चालतं, पण ‘आय कलेक्टेड माय फ्रेंड्स’ म्हणजे मित्रांना एकेक करून गाडीत घेतलं.

कोडवाला

आणि ‘पोलिसांनी विद्यार्थ्यांना गॅदर केलं’ आणि ‘राउंड अप केलं’ यांतही फरक. राउंड अप मुळात गुरांचं. पोलिसांनी केलं की धरपकड. हर्डही तसंच, ‘वी वेअर हर्डेड इनटू अ रूम’ ही तक्रार असते. कुणी गौरवाने कळपात जात नाही.

टिपकागद

गटात टाकण्याची क्रियापदं? ‘लंप टुगेदर’ नेहमी वाईटच असतं का?

शब्दवेल्हाळ

बहुतेक वेळा. ग्रुप करणं, क्लासिफाय करणं हे तटस्थ. लंप म्हणजे फरक न बघता एका ढिगात टाकलं. एका ठिकाणी मात्र लंपर हा पंथ आहे : सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्यांत. काही जण बारीक फरकावरून नवी प्रजाती करतात ते स्प्लिटर, काही जण सगळ्यांना एकाच प्रजातीत घेतात ते लंपर. डार्विनने १८५७ मध्ये हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात हे लंपर येतात.

अजून एक : आपल्याकडच्या इंग्रजीत ‘क्लब’ फार चालतं. ‘दोन्ही विषय क्लब करा’, आयकरातलं ‘क्लबिंग ऑफ इन्कम’. इथे कुणाला अडचण नाही. पण ब्रिटिश माणसाला ‘क्लब टुगेदर’ म्हणजे पैसे काढणं, आणि नुसतं ‘क्लब’ क्रियापद म्हणजे सोट्याने मारणं. ‘वी क्लब्ड द टू टीम्स’ असा मेल परदेशी पाठवण्याआधी ‘कंबाइन्ड’ करा.

मौनी

हा मेल मी पाठवलेला पाहिलाय. नाव घेत नाही.

निवृत्त मास्तर

बरं, आता परीक्षा. रिकाम्या जागा भरा, पर्याय देत नाही. एक : पावसानंतर खड्ड्यात पाणी… दोन : अध्यक्षांनी तातडीची बैठक… तीन : तिने नकार देण्यापुरतं धैर्य… चार : तिघींनी आपली बचत… आणि त्यातून यंत्र घेतलं. पाच : सुट्या भागांवरून त्याने कपाट… सहा : अफवा पसरली आणि दवाखान्याबाहेर लोक…

नवखी

कलेक्टेड, कन्व्हीन्ड, मस्टर्ड, पूल्ड, असेम्बल्ड, गॅदर्ड?

निवृत्त मास्तर

सगळी बरोबर. पहिल्यात अक्युम्युलेटेडही चाललं असतं.

उंटावरचा शहाणा

सहावं मला मान्य नाही. अफवेने आलेले लोक आहेत, घाबरलेले, एकमेकांना ढकलणारे. गॅदर फार शांत आहे तिथे. ‘थ्राँग्ड’ हवं, आणि मग वाक्य फिरवायला लागेल, लोकांनी दवाखाना थ्राँग केला असं.

रात्रपाळी

किती लोक ते मास्तरांनी सांगितलं नाही. दहा असतील तर गॅदर्ड.

निवृत्त मास्तर

दहा नव्हते. शहाणे, तुमचं घेतो. नवखीताईंचे गुण मात्र कापणार नाही.